चौथी कड

हर्सूल, औरंगाबाद
११ फेब्रुवारी २०१३

अक्का,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. उभा जन्म बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावण्यात गेला, तेव्हा माझं अक्षर तरी तुम्हाला लागेल. न वाचता चुलीत घालायचं म्हटलं तर पुण्याच्या फ्लॅटात तुमच्याकडे चूल नाही, एवढाच मला आधार.

विश्वजीतचा निरोप मिळाला. श्रेयाला दिवस गेलेत, मेअखेरीस मोकळी होईल, ऐकून फार बरं वाटलं. खरंच वाटलं. त्या निरोपात माझी साधी चौकशीसुद्धा नव्हती, ते असो. "काकू, आईला वाकळ पाहिजे," एवढंच पोरगा बोलला. मी म्हटलं, दे आईला फोन. तर म्हणे, आई हल्ली फोनवर बोलत नाही. आणि ठेवून दिला. दौलताबादचा मळा विकून दोन वर्षं झाली, अक्का. कागदावर सह्या पुरुषांनी केल्या, तुमच्या लेकानंही केली, आणि अबोला मात्र धाकट्या जावेशी. राग धरावा माणसानं, पण लोणच्यासारखा मुरवत ठेवू नये.

वाकळ मी देणार नाही असं कुणी तुमच्या मनात भरवलं असेल तर ते काढून टाका. आपल्या घरातलं प्रत्येक पोर पाचवीला तिच्यावरच निजलं. भाऊजी निजले, आमचे हे निजले, तुमचा विश्वजीत आणि माझी दोघंही निजली. सटवाई नशीब लिहायला येते ती आधी वाकळ चाचपून बघते, पोर याच घरातलं ना, असं आत्याबाई आपल्या दोघी सुनांना सांगायच्या. तुमच्या नातवंडाचा हक्क मी कशाला डावलू?

वाकळ सुखरूप आहे. कपाटात राहून वास धरलाय, म्हणून लगेच पाठवत नाही. चार उन्हं दाखवते आणि पाठवते.

सहज आठवलं म्हणून विचारते, मधल्या हिमरूच्या तुकड्याभोवती पट्टी होती ती निळी की काळी? म्हणजे आहे ती. मेल्या डोळ्यांना हल्ली रंग नीट कळत नाहीत.

तुमची
रुख्मिण

हर्सूल
६ मार्च २०१३

अक्का,

पत्र पोचलं. "पट्टी निळी. वाकळ उसवू नको. विश्वजीत पाडव्याला येईल, त्याच्याकडं दे." संपलं. तार तरी याहून लांब असायची. आणि अक्षर श्रेयाचं! माझ्यासाठी हातात पेन धरायचंसुद्धा जड झालं का तुम्हाला? चार ओळींसाठी गरोदर सुनेला कामाला लावलंत, धन्य आहे.

आणि उसवू नको म्हणजे काय? मी कुठं म्हटलं उसवते म्हणून?

इथलं काय विचारता. तुम्ही विचारलं नाहीच, मीच सांगते. हर्सूलचा तलाव आटलाय. जिथं आत्याबाई वाकळी धुवायला आणायच्या तिथं पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू भेगांत जातो. टँकर आला की गल्लीत लग्नाचं वऱ्हाड उतरल्यासारखी धावपळ होते. आणि तरी बायपासला नवनव्या इमारती उठताहेतच, त्यांच्या बांधकामाला पाणी कुठून मिळतं ते एक देवाला ठाऊक. आपल्या मळ्यात आता प्लॉटचे दगड रोवलेत, चुन्यानं रंगवलेले. मी परवा बसमधून पाहिलं आणि मान फिरवली. हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण लिहून ठेवते.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दुपारी सावली असते. तिथं आम्ही चौघीजणी वाकळ शिवायला बसतो. समोरच्या उमावहिनी, बँकेतून निवृत्त झालेल्या; त्यांना प्रत्येक तुकडा पट्टी लावून मोजल्याशिवाय चैन पडत नाही. दौलताबादच्या भागूबाई, लेकाकडे राहायला आल्यात. त्या मोजत नाहीत, नुसत्या बोलतात, पण सुई थांबत नाही. आणि शहागंजची मेहरुन, तिचे वडील हिमरू विणायचे. एका ओळखीच्या बाईची जुनी वाकळ फाटली, तिच्यासारखीच दुसरी करायची आहे. योगायोग बघा, तिच्या वाकळीतही मधे हिमरूचा तुकडा आहे. मेहरुननं वडिलांच्या जुन्या शेरवानीचा तुकडा काढून दिला. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "रख लो बाई, पेटी में पडे पडे कीडे खारे उसकू."

रोज भांडणं होतात. उमावहिनी म्हणतात कड सरळ नाही, भागूबाई म्हणतात, "सरळ कड बघायची आसंल तर फरशी बघा की, वाकळ कशाला बघता?" मी मधे पडत नाही. तुम्हाला हसू येईल, मी आणि मधे पडत नाही!

एक विचारायचं होतं. तुम्ही नव्या नवरी होऊन आलात त्या वर्षी आत्याबाईंनी आपल्या वाकळीवर वरचा नवा थर चढवला, आणि तीन कडांना घरच्या तिघी बसल्या, चौथ्या कडेला तुम्हाला बसवलं. ती कड कोणती? हिमरूवरच्या वेलीचा शेंडा ज्या बाजूला आहे ती, की बुडखा आहे ती? उगीच आठवण म्हणून विचारते.

रुख्मिण

हर्सूल
१४ एप्रिल २०१३

अक्का,

विश्वजीत येऊन गेला. पाडव्याला येणार होता तो आदल्या दिवशीच उगवला, आणि थेट पार्किंगमध्येच गाडी घातली. आम्ही चौघी चार कडांना, मधे वाकळ पसरलेली. त्यानं बघितलं. म्हणाला, "काकू, ही आपली का?" मी म्हटलं, "नाही रे, एका ओळखीच्या बाईची." भागूबाईंनी लगेच माझ्याकडे पाहिलं. उमावहिनी चष्मा पुसायला लागल्या. त्यानं मोबाइल काढून फोटो घेतला, तेव्हा तो तुम्ही बघितला असेलच. तर तो त्या दुसऱ्या वाकळीचा आहे, हे सांगायला हे पत्र.

आपली वाकळ का दिली नाही म्हणून तुम्ही चिडला असाल. अजून वाळायची होती, अक्का. हो, एप्रिलच्या उन्हात. जाड आहे ती, आतून ओल जात नाही. हसू नका.

जाताना तो दारात घुटमळला. "काकू, आईचं जरा..." असं काहीतरी सुरू केलं होतं त्यानं. मी म्हटलं, आईचं मला काही सांगू नको, आईला तोंड आहे, तिला सांगायचं ते तिनं सांगावं. मग त्याचा फोन वाजला आणि तो गेला. चहासुद्धा पुरा प्यायला नाही. पोरगा वाळलाय. दोन वेळचं नीट खातो का?

कडेचं तुम्ही कळवलं नाहीत. एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायलासुद्धा मी परकी झाले का?

मेच्या पहिल्या आठवड्यात वाकळ तुमच्या दारात असेल. माझा शब्द.

रुख्मिण

हर्सूल
५ मे २०१३

अक्का,

हे पत्र वाकळीच्या गाठोड्यातच ठेवते आहे. आधी पत्र वाचा, मग गाठोडं सोडा.

आपली वाकळ राहिली नाही. मी नासवली.

विश्वजीतचा निरोप आला त्याच दिवशी मी ती काढली. वास येत होता. आत्याबाई वाकळ वाहत्या पाण्याशिवाय धूत नसत. औंदा वाहतं पाणी आणायचं कुठून? टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर ओततात ती हात आखडून नाही. तिचा गाळ ड्रमच्या तळाला बसतो. वरचं पाणी आम्ही वापरतो आणि तळाचं फरशीला, संडासाला. मला वाटलं, एवढं पाणी कशाला वाया घालवा? त्या तळाच्या पाण्यात मी वाकळ भिजत घातली. दुसऱ्या दिवशी बघते तर निळ्याचं पांढरं झालेलं. उचलायला गेले तर वाकळ आली नाही, नुसता लगदा आणि चिंध्या हातात आल्या. मी तिथंच मोरीत बसले. आमचे हे म्हणाले, अगं जुनी फडकी ती, किती दिवस टिकणार? त्यांच्याशी मी अजून धड बोलत नाही.

फक्त एक कड वाचली, बादलीच्या बाहेर लोंबत होती ती. तुमची.

तिच्यावरूनच आम्ही बाकीची जुळवली. भागूबाईंनी पहिल्याच दिवशी तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही बाई डावरी व्हय?" मी इतकी वर्षं त्या वाकळीवर पोरं निजवली, मला कधी कळलं नव्हतं. आपण सगळ्याजणी उजवीकडून डावीकडे टाके घालतो, तुम्ही डावीकडून उजवीकडे. कापड सुईच्या मागं ओढलं जातं, म्हणून तीन कडांच्या चुण्या एकीकडे कलतात आणि तुमच्या कडेच्या दुसरीकडे. आंधळ्यालासुद्धा हातानं कळेल. म्हणून मी त्या सगळ्या चौकशा करत होते.

तीन कडा झाल्या. चौथीवर सगळ्यांनी हात चालवून बघितला. उमावहिनींनी डाव्या हातानं प्रयत्न केला, बोटं टोचून घेतली आणि पट्टीनं मोजलेल्या टाक्यांवर रक्ताचे ठिपके पाडले. मग मेहरुन म्हणाली, तिची धाकटी जाऊ डावरी आहे. ती आली. गप्प बाई. सलग बसून कड पुरी केली. चुण्या अगदी तुमच्यासारख्या कललेल्या. भागूबाईंनी टाळी दिली. "द्या धाडून," म्हणाल्या, "तिच्या बापालाबी कळायचं नाय." मीसुद्धा हसले. वाकळीची घडी घातली. गाठोडं बांधलं. ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला.

आणि मग मी गाठोडं सोडलं आणि ती कड उसवली.

भागूबाई ओरडल्या, "डोस्कं फिरलं का तुझं?" मेहरुनच्या जावेचे डोळे भरले, तिचं काय चुकलं होतं? उमावहिनी त्या दिवसापासून माझ्याशी मोजून मापून बोलतात. मी त्यांना काही सांगू शकले नाही. तुम्हाला सांगते. मला दिसलं, तुम्ही वाकळ मांडीवर घ्याल, सवयीनं त्या कडेवर हात फिरवाल आणि म्हणाल, ही माझी. आणि मी इथं बसून म्हणेन, फसली. मळा विकणार हे मला ठाऊक होतं आणि मी लपवलं, हा तुम्ही लावलेला बोल खोटा होता, अक्का. मळा विकला हे मलाही सह्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. खरी होते म्हणूनच दोन वर्षं मी ताठ मानेनं तुमच्यावर रागावू शकले. ही कड पाठवली असती तर तो राग धरायचा हक्कच माझ्याकडे उरला नसता.

आता गाठोडं सोडा. वाकळ नवी आहे, तिच्या पोटात जुनीच्या सगळ्या चिंध्या आहेत, धुऊन वाळवून पसरलेल्या. जुनी वाकळ टाकायची नसते, नवीच्या पोटात घालायची, हे आत्याबाईंचंच. तुमची वाचलेली कडही आत आहे. चौथी बाजू उघडी ठेवलीय. शिवायच्या आधी कोपऱ्यात घास ठेवायचा असतो, वाकळ उपाशीपोटी मिटू नये म्हणून. आणि तो घरातल्या थोरलीनं ठेवायचा. तो मान माझा नाही. सुई दोरा ओवून तिथंच टोचून ठेवली आहे.

शिवावीशी वाटली तर शिवा. नाहीतर द्या फेकून. पण पाचवीला नातवंड कशावर निजलं तेवढं कळवा. मला झोप लागत नाही.

रुख्मिण

हर्सूल
२३ मे २०१३

अक्का,

मुलगी झाली, असा विश्वजीतचा मेसेज आला. मेअखेर म्हणाले होते, ती आधीच आली, घाई आपल्याच घराण्याची. वजन बरं आहे, दोघी सुखरूप आहेत, एवढंच. मी फोन केला तर उचलला नाही. हिशेबानं पाचवी परवा झाली.

त्या दिवशी मी दिवसभर घरात होते. टँकर आला, मी खाली गेले नाही. भागूबाईंनी माझा ड्रम भरून ठेवला आणि वर येऊन म्हणाल्या, "बसू नगं आशी तोंड पाडून. न्हाय निजवली तर न्हाय निजवली. पोर काय दगडावर निजत नसंल." मी म्हटलं, तसं नाही हो. आणि मग मला रडू आलं, त्यांच्यासमोर, मोठ्यानं.

कशावर निजली हो ती?

रुख्मिण

पुणे
२७ मे २०१३

रुख्मिण,

श्रेया लिवतीया, मी सांगतीया. तिला म्हनलं, मी बोलते तसंच लिव, शुद्ध करू नको.

वाकळ नासवलीस ती नासवलीस. ते मी मरंपर्यंत इसरनार नाय. तुला जल्मात धुनं जमलं नाय. आत्याबाई म्हनायच्या, रुख्मिणीला भाकरी येती, बोलनं येतं, धुनं नाय येत.

पैल्याच पत्रात निळी का काळी इचारलंस तवाच मला कळलं. जिच्यावर दोन पोरं निजवली तिचा रंग इसरती व्हय कुनी? म्हनून तर पोराला एक दिवस आधी धाडला, बघून ये म्हनलं. तुझी दुसरी बाई! खोटं बोलाया तरी शिक.

आता माझं आईक. गेल्या पोळ्याच्या दिवशी माझं डावं अंग गेलं. पाय आता जरा टाकते, पर डावा हात उठत नाय. तोंडबी वाकडं झालं. बोलते ती या श्रेयाला तेवढं उमगतं, फोनवर कुनालाच उमगत नाय, म्हनून उचलत नाय. तुला कळवू नको म्हनून पोराला मीच शपत घातली. तू धावत आली आसतीस, आन् तुला बघून माझा राग तिथंच सपला आसता. मला तो सपवायचा नव्हता. दुसरं करायला काय व्हतं माझ्याजवळ?

मळ्याचं तू लिवलंस ते दोनदा वाचून घेतलं. विश्वजीतला समोर बसवून इचारलं, रुख्मिणीला खरंच ठावं नव्हतं का म्हनून. व्हय म्हनला. मान खाली घालून बसला. त्याचं मी बघते.

तुझं गाठोडं सोडलं. सगळ्या कडांवर उजवा हात फिरवला. तीन बऱ्या हायत. एक जरा पट्टीवानी सरळ हाय, ती तुझ्या बँकवाल्या बाईची आसंल. चौथीतनं आत हात घातला तर माझी जुनी कड लागली बोटाला. तिथं लई येळ हात तसाच ठिवला.

पोर पाचवीला तिच्यावरच निजली. उघड्या वाकळीवर. श्रेयाची आई म्हनली, आसं उघडं चालतं व्हय? मी म्हनलं, आमच्यात चालतं. सटवाईनं काय लिवलं ती तिलाच ठावं, पर पोर रडली नाय.

घास ठिवलाय कोपऱ्यात, भाकरीचा. वाकळीचं पोट भरलं, तोंड तेवढं शिवायचं ऱ्हायलंय. बारसं रविवारी हाय. त्याच्या आत कड मिटली पायजे, आन् तुझी ओवलेली सुई मी नुसती बघत बसते. शुक्रवारपतुर ये. माझ्या डाव्या हातात सुई दी आन् वरनं तुझ्या हातानं धर. मी सांगते तशी उलटी चालव. तुझ्या बालवाडीतल्या पोरांचा हात धरत व्हतीस ना, तसा.

वाकडी आली तर घाबरू नको. लोकांना म्हन, अक्काची कड हाय.

द्वारका